योजना आपली, इच्छा त्याची



दिवाळी झाली की प्रकाशाच्या आसपासच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. काही वर्षांपूर्वी मी मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग ठरवला. वह्या, दिवे, वेळापत्रक, सगळे तयार होते. वर्ग सुरू झाला आणि तीन आठवड्यांत अर्धी मुले आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली. मी देवावर रुसलो. काम तर त्याचेच होते ना?

तेव्हा याकोबाच्या पत्रातील 4:13-15 हा भाग पुन्हा वाचला. याकोब व्यापाऱ्यांना बेत करू नका म्हणत नाही. उद्याचा दिवस आपल्या हातात नाही हे ध्यानात ठेवून बेत करा, असे सांगतो. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही आपल्या मनातील इच्छा आधी पित्याला मोकळेपणे सांगितली आणि मग त्याची इच्छा स्वीकारली. म्हणजे समर्पण करताना मन मारायचे नसते. मन उघडे करून देवाच्या हाती द्यायचे असते.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे जीवन याची साक्ष देते. 1883 साली त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही. त्या अध्यापनाकडे वळल्या आणि 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे केडगावला जमीन घेतली, ती संस्थेला उत्पन्न मिळावे म्हणून. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी, निराधार मुली त्यांनी आणल्या आणि त्याच जमिनीवर मुक्ती मिशन उभे राहिले. 1921 साली त्यांच्या कामाचा भार वाहणारी एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या. एक दार बंद झाले म्हणून त्या हात जोडून बसून राहिल्या नाहीत.

येथे एक सावधगिरी हवी. कुपोषण, कर्ज, बालविवाह यांना "देवाची इच्छा" म्हणून दुःखी माणसाला गप्प करू नये. आपला हट्ट सोडणे वेगळे आणि दुसऱ्यावरचा अन्याय सोसू देणे वेगळे. समर्पणाने आपले कान उघडले पाहिजेत, डोळे मिटता कामा नयेत.

माझे कान एका आजीने उघडले. ती म्हणाली, "भाऊ, पोरांना रात्री जेवू घालणारं कोणी असतं, तर आईबापांनी नेलंच नसतं." मी वर्गाचा विचार केला होता, चुलीचा नाही. पुढच्या वर्षी आम्ही दिवाळीच्या आधीच पाड्यांवर जाऊन बसलो, आज्यांशी बोललो, संध्याकाळच्या जेवणाची सोय लावली. नऊ मुले मागे राहिली आणि शाळेत जात राहिली. माझ्या वहीतली योजना मोडली नसती, तर हे सुचलेच नसते.

आपलीही एखादी योजना अडली असेल. ती देवापुढे ठेवताना नुसती मंजुरी मागू नका, "यात काय बदलू?" असेही विचारा. मग थोडे थांबा आणि ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांचेही ऐका. देव पुष्कळदा त्यांच्या तोंडून बोलतो.

यंदाही दिवाळीनंतर ट्रक येतील. मागे राहणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही मुलांना आपल्या प्रार्थनेत आठवा.