आपलं ज्ञान आपल्या दारी

मैत्रिणींनो, वही-पेन घेऊन कॉलेजातली एखादी मुलगी किंवा एखादे सर कधीतरी तुमच्याही दारात आले असतील. ‘ताई, दोनच मिनिटं,’ असं म्हणत अर्धा तास प्रश्न विचारले असतील. घरात माणसं किती, पाणी कुठून आणता, लग्न कितव्या वर्षी झालं, पहिलं बाळंतपण कुठं झालं, मजुरी किती मिळते आणि ती जाते कुणाच्या हातात! आपणही हातातलं काम बाजूला ठेवतो, चहा टाकतो आणि मनातलं सगळं सांगून मोकळ्या होतो. ती माणसं जातात ती जातातच. आपण दिलेल्या उत्तरांचं पुढं काय झालं, हे आपण विचारत नाही आणि आपल्याला कुणी सांगायलाही येत नाही.

त्या उत्तरांचा पुढं एक जाडजूड प्रबंध होतो. छान बांधणी, वर सोनेरी अक्षरं. लिहिणाऱ्याला पीएच.डी. मिळते, पेढे वाटले जातात आणि प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात कपाटात जाऊन बसतो. पूर्वी तो वाचायचा म्हणजे शहर गाठायचं, कुणाची तरी चिठ्ठी न्यायची आणि तिथंच बसून वाचायचं. तालुक्याच्या गावातल्या बाईला हे कधी जमायचं? सकाळचा डबा, शाळेची रिक्षा, सासूबाईंची औषधं, यातून विद्यापीठाची एसटी पकडणार कोण?

पण गेल्या काही वर्षांत ही कपाटं उघडायला लागली आहेत आणि त्याची आपल्यालाच फारशी खबर नाही. आज त्याबद्दलच बोलू या.

गंगा आली घरी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केला, की पीएच.डी.चा प्रबंध नुसता छापून देऊन भागणार नाही, त्याची संगणकावरची प्रतही द्यायची. हे प्रबंध एकत्र ठेवण्यासाठी गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ या केंद्राने ‘शोधगंगा’ नावाचं भांडार उभं केलं. आज त्यात देशभरातल्या विद्यापीठांचे चार लाखांहून जास्त प्रबंध आहेत. ते वाचायला ना फी, ना चिठ्ठी. इंग्रजीत आहेत, हिंदीत आहेत आणि आपल्या मराठीतही आहेत. संतसाहित्यापासून सिंचनापर्यंत, लावणीपासून लघुउद्योगापर्यंत, बचत गटांपासून बालविवाहापर्यंत जे म्हणाल ते.

आमच्या गटातली एक अंगणवाडी सेविका मुक्त विद्यापीठातून एम.ए. करते. तिला ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर प्रकल्प लिहायचा होता. गावातल्या वाचनालयात कादंबऱ्या भरपूर, पण या विषयावर एक पुस्तक मिळेना. तिच्या भाच्याने तिला मोबाइलवर शोधगंगा उघडून दिली. दोन दिवसांनी ती मोबाइल नाचवतच माझ्याकडे आली. म्हणाली, ‘‘ताई, हे तक्ते बघा. यात आपल्याच तालुक्यातल्या बायका आहेत. पाठदुखीचं काय, पिशवीच्या ऑपरेशनचं काय, सगळं मांडलंय. आणि आपल्यालाच पत्ता नाही!’’

तिचं ते ‘आपल्यालाच पत्ता नाही’ माझ्या मनात घर करून बसलं. माहिती आपली, दुखणं आपलं आणि ते कागदावर मात्र आपल्यापासून शंभर मैलांवर. पुढं तिने त्यातले दोन तक्ते हाताने कागदावर उतरवले आणि गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवले. एरवी ‘तुम्हा बायकांचं नेहमीचंच रडगाणं’ म्हणणारी मंडळी त्या दिवशी गप्प बसून ऐकत होती. आकडा हातात असला की बाईच्या बोलण्याला वजन येतं, हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

घरचं दूध, विकतची पिशवी

आता कुणी म्हणेल, ज्ञान तर सगळीकडेच असतं, मग ही मुक्त भांडारं वेगळी कशासाठी? त्यासाठी संशोधनाचा व्यवहार समजून घ्यायला हवा. प्राध्यापक संशोधन करतात, त्यांचा पगार बहुतेक ठिकाणी सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून होतो. संशोधनाचा लेख ते एखाद्या नियतकालिकाला देतात. त्याबद्दल त्यांना सहसा मानधन मिळत नाही. लेख तपासणारे दुसरे प्राध्यापकही बहुधा फुकटच तपासतात. आणि मग तोच लेख वाचायचा तर प्रकाशन कंपनी पैसे मागते. परदेशी नियतकालिकातल्या एका लेखाला तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये किंवा त्याहूनही जास्त! घरच्या म्हशीचं दूध डेअरीला घालायचं आणि चहाला पिशवी विकत आणायची, त्यातलाच हा प्रकार.

याला पहिला धक्का दिला तो शास्त्रज्ञांनीच. १९९१ साली अमेरिकेत पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्रातले लेख छापून येण्याआधीच सर्वांना वाचता यावेत अशी सोय केली. त्यातूनच ‘अर्काइव्ह’ हे भांडार उभं राहिलं. आज त्यात वीस लाखांहून जास्त लेख आहेत. पुढं हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात काही जाणकार जमले आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांनी जाहीरनामा काढला, की संशोधन हे सर्वांना मोफत वाचता आलं पाहिजे. प्रेमाच्या दिवशी निघालेला हा जाहीरनामा! या विचाराला ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणतात, म्हणजे सोप्या भाषेत ज्ञानाची पाणपोईच. आपल्या देशातही त्याच २००२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांचे लेख असे मोफत ठेवायला सुरुवात केली.

फक्त जड जड लेखच नव्हेत

या भांडारांत नुसते डोक्यावरून जाणारे लेख असतील, असं मात्र समजू नका. खरी गंमत तर त्यातल्या विविधतेत आहे.

आयआयटी खरगपूरने उभारलेलं ‘राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय’ २०१८ साली देशाला अर्पण झालं. त्यात शाळेच्या पुस्तकांपासून व्याख्यानांच्या चित्रफितींपर्यंत सगळं शोधता येतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या ‘ई-ज्ञानकोश’वर त्यांच्या अभ्यासक्रमांच्या पुस्तिका आहेत. प्रवेश न घेताही त्या वाचता येतात. वाईला तयार झालेला आपला मराठी विश्वकोश, ज्याचे जाड खंड आपण वाचनालयात लांबूनच पाहायचो, तोही आता मोबाइलवर वाचता येतो. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने आपल्या ग्रंथालयातली कितीतरी जुनी, दुर्मीळ पुस्तकं अशीच खुली केली आहेत. युरोपातल्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेने २०१३ साली ‘झेनोडो’ नावाचं भांडार सुरू केलं. त्यात लेखांबरोबर फोटो, भित्तिपत्रकं, चित्रफिती, सर्वेक्षणांचे आकडे, संगणकाचे प्रोग्रॅम असं सगळं ठेवता येतं.

आणि आपल्या आनंदीबाई? डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. परक्या देशात, थंडीत कुडकुडत, तब्येत साथ देत नसताना या मुलीने विषय निवडला तो आपल्याकडच्या बायकांच्या बाळंतपणाचा! त्या महाविद्यालयाची जुनी कागदपत्रं आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी १८८३ साली लिहिलेलं पत्र आणि जपान व सीरियाच्या मैत्रिणींबरोबर १८८५ साली काढलेला त्यांचा तो प्रसिद्ध फोटो विद्यापीठाने सर्वांसाठी खुला केला आहे. आपण गोष्टीत ऐकलेली आनंदी तिच्या स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळते, तेव्हा अंगावर काटा येतो हो!

ओवी आणि प्रबंध एका पंगतीला

पण मला सर्वांत जास्त जवळचं वाटतं ते ओव्यांचं भांडार. पहाटे जातं ओढताना आपल्या आज्या-पणज्या ओव्या रचायच्या आणि गायच्या. माहेर, लेक, भाऊ, सीता, विठ्ठल, नवऱ्याचा जाच, सगळं त्या जात्याला सांगायच्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्याही विरून जायची वेळ आली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या तीन हजारांहून जास्त बायकांच्या एक लाखावर ओव्या!

पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या खुल्या संग्रहात २०१७ पासून या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही तिथं त्यांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, जमेल तिथं फोटो असं सगळं दिलेलं आहे. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लागलं नाही, तिचं नाव तिच्या ओवीखाली लागलं. कधी शाळेत न गेलेल्या बाईची ओवी आणि विद्यापीठातल्या विद्वानाचा प्रबंध, दोघांनाही इथं सारखाच मान. पंगतीत वर-खाली नाही.

आणि माझ्या मते या सगळ्याचं मर्म इथंच आहे. आपल्याकडून गाणी गेली, उत्तरं गेली, कराचे पैसे गेले. ते पुस्तकांत, प्रबंधांत, दूरदेशीच्या संग्रहांत जाऊन बसलं. ते आपल्या पोरीबाळींच्या हाती परत यायचं असेल, तर ते खुलंच असायला हवं.

२०२५च्या जानेवारीपासून केंद्र सरकारने ‘एक देश, एक वर्गणी’ योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी तब्बल सहा हजार कोटी रुपये. त्यातून सरकारी विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना परदेशी नियतकालिकं मिळतात. चांगलंच आहे. पण लग्नानंतर शिक्षण सुटलेली, घरी बसून अभ्यास करणारी, गावात काम करणारी बाई कुठल्याच संस्थेच्या पटावर नसते. तिच्यासाठी ते दार अजून बंदच. तिला आधार आहे तो या मुक्त भांडारांचाच.

थोडं सांभाळून

अर्थात, मोफत मिळालं म्हणून डोळे मिटून घ्यायचं नाही. अर्काइव्हसारख्या ठिकाणी काही लेख इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ठेवलेले असतात. औषधपाण्याबद्दल कुठंही काही वाचलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग नको. दुसरं म्हणजे, वाचायला मोफत याचा अर्थ आपल्या नावावर खपवायला मोफत असा नाही. लेखकाचं नाव द्यायलाच हवं. कुठल्या वस्तूचं काय करता येईल याच्या अटी तिथंच लिहिलेल्या असतात, त्या बघाव्यात. आणि हो, मी वर सांगितलेलं काहीही वाचायला कुणी पैसे, बँकेचा तपशील किंवा ओटीपी मागितला, तर समजा की दाल में कुछ काला है. फोन तिथंच बंद करा.

आपण काय करू शकतो?

पहिलं म्हणजे, आज दुपारी कामं आटोपली की मोबाइलवर मराठीतच ‘शोधगंगा’ असं लिहून शोधा. तिथं आपल्या जिल्ह्याचं नाव घाला आणि काय काय निघतं ते बघा. नाही जमलं तर मुलीला, सुनेला, शेजारच्या पोराला विचारा. त्यात लाज कसली?

दुसरं, भिशीत, बचत गटात, हळदीकुंकवाला यातलं एखादं पान वाचून दाखवा. वाण म्हणून प्लॅस्टिकची वाटी सगळ्याच जणी देतात.

तिसरं आणि महत्त्वाचं. पुन्हा कुणी प्रश्नावली घेऊन दारात आलं, तर चहा जरूर पाजा, पण एक प्रश्न आपणही विचारा, ‘हे लिहून झाल्यावर आम्हाला कुठं वाचायला मिळेल?’ तो आपला हक्क आहे.

आणि घरातली जुनी पुस्तकं, हस्तलिखितं रद्दीत घालण्याआधी थोडं थांबा. आपल्या कायद्यानुसार लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचं पुस्तक सर्वांचं होतं. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’वर आज कुणाची मालकी नाही. अशी हक्क संपलेली मराठी पुस्तकं ‘विकिस्रोत’वर चढवायचं काम कितीतरी मंडळी विनामोबदला करतात. टायपिंग येणारी एखादी गृहिणीही घरबसल्या त्यात हातभार लावू शकते. आणि घरात नव्वदीतल्या आजी असतील, त्यांना ओव्या येत असतील, तर त्यांना विचारून मोबाइलवर त्या टिपून ठेवा. नाव, गाव आणि साल लिहायला मात्र विसरू नका. त्या ओव्यांचे कागद कुठल्याच विद्यापीठाच्या कपाटात नाहीत.