वुडस्टॉक
रॉक संगीताच्या महोत्सवावरील विख्यात अमेरिकन अनुबोधपट (१९७०). दिग्दर्शक मायकेल वॉडली. न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे, दुग्धव्यावसायिक मॅक्स यास्गर यांच्या शेतावर १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या काळात भरलेल्या महोत्सवास सु. ४ लाख श्रोते जमले होते. गायनवादनाइतकेच त्यामागील व्यवहारही या पटात टिपले आहेत : रंगमंचाची उभारणी, अन्नवाटप, पावसाने झालेला चिखल आणि स्थानिकांची परस्परविरोधी मते. शौचकूप स्वच्छ करणारा एक कामगार आपला एक मुलगा या महोत्सवात, तर दुसरा व्हिएटनामच्या युद्धात असल्याचे सांगतो. तत्कालीन अमेरिकन समाजाची दुभंगलेली अवस्था त्यातून प्रकट होते. संकलन थेल्मा स्कूनमेकर, मार्टिन स्कॉर्सेसी प्रभृतींचे. पडद्यावर दोन-तीन दृश्ये शेजारीशेजारी मांडण्याचे तंत्र येथे परिणामकारक ठरले. उत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्कर पारितोषिक त्यास लाभले. तथापि महोत्सवाच्या पहिल्या दिवशी सतारवादन केलेले रविशंकर व त्यांचे तबल्याचे साथीदार अल्लारखाँ यांना त्यात स्थान मिळाले नाही. एखाद्या घटनेची लोकस्मृती घडविण्यात संकलनातील निवड किती निर्णायक असते, हे यावरून दिसून येते.