मनोऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी घरात मोजमाप हवे

परभणी, जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडसारख्या गावांत एखाद्याच्या गच्चीवर मोबाईलचा मनोरा उभा राहू लागला की गल्लीत वादाला तोंड फुटते. घरमालकाला भाडे मिळते, शेजाऱ्यांच्या वाट्याला धास्ती येते. कोणी निवेदन देतो, तर कोणी लहरींपासून संरक्षणाच्या नावाने विकले जाणारे स्टिकर घेऊन येतो. आपल्या घरात रेडिओ लहरी किती आहेत आणि त्या कोठून येतात, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. त्याचे उत्तर मोजमापानेच मिळू शकते.

त्यासाठी आधी योग्य मापक हवा. विजेच्या तारांभोवतीचे ५० हर्ट्झचे क्षेत्र दाखवणारे स्वस्त यंत्र येथे निरुपयोगी ठरते. मोबाईल आणि वाय-फायच्या लहरींसाठी साधारण ७०० ते ६,००० मेगाहर्ट्झ हा पल्ला मोजणारे यंत्र लागते. त्यावरचा लाल दिवा पाहून घाबरू नये. तो कधी लागावा, हे उत्पादकाने ठरवलेले असते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. त्यानुसार ९०० मेगाहर्ट्झला प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट, म्हणजे ४,५०,००० मायक्रोवॅट ही सीमा ठरली. मापकावर १,००० मायक्रोवॅट हा आकडा मोठा वाटला, तरी तो या सीमेच्या चारशेव्या भागाहूनही कमी आहे.

साधा मापक सर्व लहरींची बेरीज दाखवतो; त्यांचा उगम सांगत नाही. म्हणून वजाबाकीची पद्धत वापरावी. घरातील सर्व मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावेत; राऊटर, कॉर्डलेस फोन आणि ब्लूटूथ उपकरणे बंद करावीत. मग प्रत्येक खोलीत, खिडकीशी आणि गच्चीवर सहा-सहा मिनिटे सरासरी नोंद घ्यावी. हा झाला बाहेरून येणारा हिस्सा. त्यानंतर एकेक उपकरण सुरू करून वाढ लिहून ठेवावी. दिशा शोधण्यासाठी मापक छातीशी धरून सावकाश गोल फिरावे. आपले शरीर लहरी अडवते. त्यामुळे आकडा सर्वांत कमी होईल तेव्हा उगम बहुधा पाठीमागे असतो.

अशा मोजमापातून काही समजुती तपासता येतात. मनोऱ्याचा मुख्य झोत जवळपास आडवा जातो. त्यामुळे अगदी खालच्या घरापेक्षा समोरच्या, अँटेनाच्या उंचीच्या मजल्यावर आकडा जास्त येऊ शकतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत तीव्रता एक चतुर्थांश होते. साधारण ०.१ वॅट प्रसारित करणाऱ्या राऊटरपासून एक मीटरवर हिशेबाने प्रति चौरस मीटर सुमारे ०.००८ वॅट, तर तीन मीटरवर त्याचा नववा भाग उरतो.

कानाला लावलेल्या फोनला मात्र अंतराचे हे संरक्षण नसते. रेंज कमी असेल तेव्हा फोन आपली शक्ती वाढवतो. टूजी फोन कमाल २ वॅट, तर फोरजी फोन साधारण ०.२ वॅटपर्यंत जातो. माळवदाच्या जाड भिंती किंवा लोखंडी पत्रे बाहेरच्या लहरी अडवतात. पण त्याच घरात बोलताना फोनला अधिक जोर लावावा लागतो. मनोरा दूर गेल्याने शरीरावर पडणाऱ्या एकूण लहरी घटतीलच, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

आरोग्याचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘संभाव्य’ कर्करोगकारकांच्या गटात ठेवले. त्याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तरीही घरचा मापक हा अंतिम पुरावा नव्हे. बाहेरचा हिस्सा मर्यादेच्या जवळ दिसला, तर अधिकृत मोजणी मागावी. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा अशा मोजणीचे शुल्क ४,००० रुपये अधिक कर असे ठरले होते. गल्लीतील चार-सहा घरांनी वर्गणी काढली तर हा खर्च जड नाही. आकडा हाती असला की निवेदनालाही वजन येते. आणि चिंता फोनचीच असेल, तर अंगणात रेंज असलेल्या जागी उभे राहून स्पीकरवर बोलावे. त्याला एक पैसाही लागत नाही.