धातूच्या कणाची धडक

ओल्या मातीचा गोळा भिंतीवर जोराने फेकला, तर तो चपटा होऊन तेथेच चिकटतो. काचेची गोटी जमिनीवर आपटली, तर ती टणकन उसळून वर येते. तांब्याचा कण गोटीसारखा घट्ट असूनही मातीच्या गोळ्यासारखा चिकटू शकतो, असे कोणी सांगितले, तर ते तुम्हांला खरे वाटेल काय? परंतु ते खरे आहे. मात्र त्यासाठी त्या कणाला फार मोठा वेग द्यावा लागतो.

१९८० नंतरच्या दशकातील ही गोष्ट आहे. सोव्हिएट रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे अनातोली पापिरिन व त्यांचे सहकारी वातविवरात प्रयोग करीत होते. ज्या बोगद्यात हवेचा वेगवान झोत सोडून विमानांच्या प्रतिकृतींची परीक्षा घेतात, त्याला वातविवर म्हणतात. या झोतात त्यांनी बारीक घन कण मिसळले होते. वेग कमी असला, की कण आपटून उडत आणि पृष्ठभाग झिजवीत. परंतु वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की धातूचे कण पृष्ठभागाला चिकटून बसत व त्यांचा लेप तयार होई!

या मर्यादेला ‘क्रांतिक वेग’ म्हणतात. तांब्याच्या कणांसाठी तो सेकंदाला सुमारे ५०० ते ६०० मीटर, म्हणजे हवेतील ध्वनीच्या वेगाहूनही अधिक असतो. यातूनच लेप देण्याची ‘शीत फवारणी’ ही रीत निघाली. या रीतीत कण वितळवावे लागत नाहीत. त्यामुळे यंत्रांचे जे भाग उष्णतेने बिघडतात, तेही झिजले असता भरून काढता येतात.

पण कण चिकटतो तरी कसा? एका मिलिमीटरात ओळीने ५० मावतील, एवढे हे कण लहान. आणि त्यांची धडक सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात संपते! ती डोळ्यांना कशी दिसणार? म्हणून शास्त्रज्ञांनी संगणकाचे साहाय्य घेतले. ते संगणकात कणाचे व पृष्ठभागाचे चित्र मांडून त्याचे असंख्य लहान तुकडे पाडतात. धातू ठोकला असता किती कठीण होतो, तापला असता किती मऊ पडतो, हे संगणकाला सांगतात. मग प्रत्येक तुकडा क्षणोक्षणी किती सरकला, किती दबला व किती तापला, याचे गणित संगणक करीत जातो. त्या गणितात असे दिसते, की कण चपटा होतो, त्याची कड तापते आणि तेथील धातू कारंज्यासारखा बाहेर उसळतो.

२००३ साली हमीद असदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे गणित प्रसिद्ध केले. कडेचा धातू तापून एकाएकी मऊ पडतो, म्हणून कण चिकटतो, असे त्यांचे म्हणणे होते. गणिताने काढलेला तांब्याचा क्रांतिक वेग प्रयोगातील वेगाशी चांगला जुळला. आता कोडे सुटले, असे कोणालाही वाटले असते.

परंतु २०१८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी निराळे मत मांडले. धडकेतून निघालेली दाबाची लाट कडेशी पोहोचते, म्हणून धातू उसळतो. त्यासाठी तो असा एकाएकी मऊ पडण्याची आवश्यकता नाही, असे ते म्हणाले. यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. त्याच संस्थेत अतिवेगवान कॅमेऱ्याने एकेका कणाच्या धडकेची छायाचित्रेही घेण्यात आली. जे पूर्वी केवळ गणितात दिसे, ते आता प्रत्यक्ष पाहून ताडता येऊ लागले.

मुलांनो, गणिताचे उत्तर बरोबर आले, तरी त्यामागचे कारणही बरोबर असेलच असे नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ जुळलेल्या उत्तराचीही पुन्हा परीक्षा घेतात.