विश्लेषण : गोड्या पाण्याच्या तलावात ‘समुद्री’ कयाक कशासाठी? लख्ख उन्हातही गाईड निघायला नकार का देतात?

जुलैतली सकाळ. आकाश निरभ्र, तंबू आवरलेले, सामान बांधून तयार. तरीही गाईड सांगतात, ‘आज निघायचे नाही’. अमेरिकेतील सुपीरियर तलावावर कयाकने होणाऱ्या मुक्कामी सफरीत हा प्रसंग नवा नाही. सुट्टी मोजकी, पैसे भरलेले, परतीचे तिकीट काढलेले. मग लख्ख उन्हात किनाऱ्यावर बसून का राहायचे? याचे उत्तर या तलावाच्या स्वभावात आहे.

ही सफर नेमकी कुठे होते?

सुपीरियर हा अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील तलाव. पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार तो जगातील सर्वांत मोठा गोड्या पाण्याचा तलाव मानला जातो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून अधिक आहे. लांबी सुमारे ५६० किलोमीटर, तर कमाल खोली ४०६ मीटर. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, विस्कॉन्सिन राज्यात ‘अपोसल आयलंड्स नॅशनल लेकशोर’ हे संरक्षित क्षेत्र आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या क्षेत्रात आज २१ बेटे आणि मुख्य भूमीचा सुमारे १९ किलोमीटरचा किनारा येतो. वालुकाश्माच्या कड्यांत लाटांनी कोरलेल्या गुहा आणि जुनी दीपगृहे पाहण्यासाठी उन्हाळ्यात येथे कयाकवाले येतात. बेफील्ड हे जवळचे गाव.

तलावासाठी समुद्री कयाक का लागते?

नाव तलाव असले तरी वागणूक समुद्राची आहे. स्थानिक ओजिब्वे लोकांच्या भाषेत याचे नाव ‘गिचिगामी’, म्हणजे मोठा समुद्र. वाऱ्याला जितके लांब उघडे पाणी मिळते तितक्या लाटा मोठ्या होतात. येथे वाऱ्याला शेकडो किलोमीटर मोकळे आहेत. शिवाय महासागरातील लांब लाटांच्या तुलनेत तलावातील लाटा जवळजवळ आणि उभ्या असतात. १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे सुमारे २२२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज याच तलावातील वादळात बुडाले आणि त्यावरील सर्व २९ जणांचा मृत्यू झाला.

समुद्री कयाक साधारण १६ फूट किंवा त्याहून लांब आणि अरुंद असते. तिच्या पुढच्या व मागच्या भागात पाणी न शिरणारे बंद कप्पे असतात. तंबू, शिधा, कपडे त्यातच भरतात. कयाक उलटली तरी या कप्प्यांतील हवेमुळे ती तरंगत राहते. बसण्याच्या जागेभोवती ‘स्प्रे स्कर्ट’ हे आवरण ताणून लावतात, त्यामुळे लाटेचे पाणी आत येत नाही. मौजेसाठी मिळणाऱ्या छोट्या कयाकमध्ये ही सोय नसते. एकदा पाणी भरले की ती खोल पाण्यात उपसून पुन्हा चालवणे जवळपास अशक्य होते.

खरा धोका लाटांचा की थंडीचा?

लाट कयाक उलटवते, पण जीव धोक्यात आणते ती थंडी. या तलावाच्या पाण्याचे वार्षिक सरासरी तापमान ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. जूनमध्ये हवा उबदार असली तरी उघड्या पाण्याचे तापमान सहसा १० अंशांच्या आतच असते. ऑगस्टमध्ये उथळ खाड्या सुखद वाटतात. मात्र वाऱ्याने वरचे कोमट पाणी ढकलले गेले की खालचे गार पाणी वर येते.

थंड पाण्यात पडल्यावर काय होते, हे सांगण्यासाठी ‘१-१०-१’ हे सूत्र वापरतात. पहिले १ मिनिट श्वासावर ताबा मिळवण्याचे. अचानक धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जाते. पुढची सुमारे १० मिनिटे हातापायांना उपयोगी हालचाल करता येते. त्यानंतर शरीर गार पडत जाऊन बेशुद्धी येईपर्यंत सुमारे १ तास. म्हणजे चांगला पोहणाराही १० मिनिटांनंतर हात चालवू शकेलच असे नाही. अंगात लाइफ जॅकेट असेल तरच तो शेवटचा तास मिळतो. म्हणून नियम असा की कपडे हवेसाठी नव्हे, पाण्यासाठी घालायचे. उकडत असले तरी वेटसूट घालायचाच.

तीन दिवसांत काय होते?

पहिला धडा कयाक मुद्दाम उलटवण्याचा असतो. पाण्याखाली असताना स्प्रे स्कर्टचा पट्टा ओढून बाहेर यायचे, मग दुसऱ्या कयाकच्या आधाराने पाणी काढून पुन्हा आत चढायचे. हे उथळ पाण्यात जमल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नंतर जड सामान मध्याजवळ आणि तळाशी, हलके टोकांना, अशी बांधणी होते.

त्यानंतर, उदाहरणार्थ, लिटल सँड बे येथून सँड बेटाकडे जाता येते. दुसऱ्या दिवशी वारा शांत असेल तर बेटावरच्या गुहा आणि १८८१ मध्ये वालुकाश्मात बांधलेले दीपगृह पाहायचे, तिसऱ्या दिवशी परतायचे. मुक्काम ठरवून दिलेल्या जागीच करायचा आणि त्यासाठी परवाना लागतो. काही बेटांवर काळी अस्वले असल्याने अन्नच नव्हे, टूथपेस्टही तंबूत न ठेवता धातूच्या पेटीत बंद करायची. तलावाचे पाणी स्वच्छ दिसले तरी गाळून किंवा उकळूनच प्यायचे.

निघायचे की नाही, हे कसे ठरते?

नवख्यांच्या गटाचा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटर असतो. म्हणजे ४ किलोमीटरचे उघडे पाणी ओलांडायला जवळपास तास लागतो आणि तेवढ्यात वारा बदलू शकतो. म्हणून गाईड राष्ट्रीय हवामान सेवेचा किनारी अंदाज सागरी रेडिओवर ऐकतात आणि वाऱ्याच्या वेगाबरोबर दिशाही पाहतात. किनाऱ्याकडून तलावाकडे वाहणारा वारा सर्वांत फसवा. काठाजवळ पाणी शांत दिसते; पुढे गेल्यावर तोच वारा कयाक आत लोटत नेतो. तलावाकडून येणारा वारा कड्यांवर लाटा आपटवतो. परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांना भिडतात आणि गुहांसमोर पाणी खवळते. तेथे कड्याला लागून उतरायला वाळूही नसते.

ग्रेट लेक्ससाठी लहान नौकांना दिला जाणारा इशारा सुमारे २२ नॉट वाऱ्यापासून, म्हणजे ताशी ४० किलोमीटरपासून सुरू होतो. नवख्या कयाकवाल्याचे हात त्याच्या कितीतरी आधी थकतात. त्यामुळे गाईड इशाऱ्याची वाट पाहत नाहीत आणि निर्णय गटातील सर्वांत कमकुवत सदस्याकडे बघून घेतात. जादा दिवसाचा शिधा सोबत असतो तो याचसाठी.

जाण्यापूर्वी काय पाहावे?

शिकागो किंवा मिनियापोलिस परिसरातील मराठी कुटुंबांना हा तलाव मोटारीने गाठता येतो. पण पवनेच्या जलाशयात कयाक चालवल्याचा अनुभव येथे पुरेसा नाही. नोंदणी करताना चार गोष्टी विचाराव्यात : वेटसूट मिळणार का, उलटण्याचा सराव घेणार का, गाईडकडे सागरी रेडिओ आहे का, आणि वाऱ्यामुळे दिवस वाया गेला तर पैशांचे काय. चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधीच स्पष्ट असले की पाण्यावर कोणी गाईडला ‘चला, जाऊया’ म्हणून आग्रह करत नाही. आणि परतीचे विमान सफर संपते त्याच दिवशीचे काढू नये.