अमेरिकेतील वैद्यकीय सेवेचा खर्च : किंमत-निर्धारणाच्या दृष्टीने एक विवेचन

एखादे राष्ट्र वैद्यकीय सेवेवर अधिक खर्च करते, एवढ्यावरून त्याला दोष देता येत नाही. उत्पन्न वाढत गेले म्हणजे समाज त्याचा अधिकाधिक हिस्सा आरोग्यावर वेचू लागतो, आणि ते स्वाभाविकच आहे. प्रश्न उद्भवतो तो खर्च व फल यांच्यातील प्रमाण बिघडते तेव्हा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हे प्रमाण बिघडलेले आहे, याविषयी अभ्यासकांत आता फारसा मतभेद उरलेला नाही. ते का बिघडले याविषयी मात्र अनेक अपुरी स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. या दोषाचे मूळ सेवेच्या विपुलतेत नसून मुख्यतः किंमत ठरविण्याच्या पद्धतीत आहे, आणि खर्चाचा अतिरेक व सेवेची वंचना ही एकाच कारणाची दोन कार्ये आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. खर्च आणि फल

२०२३ साली अमेरिकेचा आरोग्यावरील एकूण खर्च सुमारे ४.९ लक्ष कोटी डॉलर होता. स्थूल देशांतर्गत उत्पादनाशी त्याचे प्रमाण १७.६ टक्के, आणि दरडोई खर्च सुमारे १४,५७० डॉलर पडतो. अन्य संपन्न राष्ट्रांत हेच प्रमाण सामान्यतः दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास असते व त्यांचा दरडोई खर्च सरासरीने अमेरिकेच्या निम्म्याजवळ राहतो. असे असूनही २०२३ साली अमेरिकेतील सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते. जपान, फ्रान्स, स्वीडन या देशांत ते ८२ वर्षांहून अधिक आहे. त्याच वर्षी दर एक लाख जिवंत जन्मांमागे १८.६ मातांचा मृत्यू झाला, आणि हा आकडाही बहुतेक संपन्न राष्ट्रांच्या मानाने मोठा आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. आयुर्मान केवळ वैद्यकीय सेवेवर अवलंबून नसते. बंदुकांनी होणारे मृत्यू, अमली द्रव्यांचे अतिसेवन, मोटार-अपघात व स्थूलता यांचा त्यातील वाटा मोठा आहे. शिवाय वैद्यकीय संशोधनात व कित्येक कर्करोगांच्या उपचारांत अमेरिका अग्रेसर आहे, हेही मान्य केले पाहिजे. तथापि एवढी वजावट करूनही दुप्पट खर्चाचे समर्थन होत नाही.

२. प्रमाण की किंमत?

खर्च म्हणजे सेवेचे प्रमाण व तिची किंमत यांचा गुणाकार होय. तेव्हा वाढीव खर्चाचे कारण या दोहोंपैकी कोठे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकन माणूस ऊठसूट डॉक्टरकडे धाव घेतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. आकडेवारी मात्र तिला पुष्टी देत नाही. डॉक्टरांच्या भेटी, रुग्णालयातील खाटा, लोकसंख्येच्या मानाने डॉक्टरांची संख्या, या तिन्ही बाबतींत अमेरिका संपन्न राष्ट्रांच्या सरासरीच्या खाली आहे. चुंबकीय प्रतिमा-तपासणीसारख्या काही सेवांचा वापर तेथे अधिक होतो. पण तो अपवाद म्हणावा लागेल. २००३ साली 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तुलना मांडून, दोष किमतींचा आहे असा स्पष्ट निष्कर्ष काढला. पुढील काळातील आकडेवारीनेही तो मोडून पडलेला नाही.

किंमत अधिक का, या प्रश्नाला 'मुक्त बाजारपेठ' असे उत्तर देण्यात येते. परंतु ज्या बाजारपेठेत ग्राहकाला किंमत अगोदर कळत नाही, मालाची गरज विक्रेताच ठरवितो आणि पैसे तिसराच कोणी देतो, तिला मुक्त बाजारपेठ म्हणणे कठीण आहे. केनेथ ॲरो यांनी १९६३ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात हीच गोष्ट दाखविली होती. आजार केव्हा येईल ते अनिश्चित असते, उपचाराचे ज्ञान डॉक्टर व रोगी यांच्यात विषम विभागलेले असते, आणि त्यामुळे स्पर्धेचे नेहमीचे नियम येथे लागू पडत नाहीत. अन्य राष्ट्रांनी ही उणीव शासकीय किंवा सामुदायिक दर-निश्चितीने भरून काढली. अमेरिकेत ती जागा रिकामी राहिली. ती का राहिली, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात शिरले पाहिजे.

३. विम्याचा उगम

१९२९ मध्ये डॅलस येथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने शहरातील शाळाशिक्षकांसाठी एक योजना काढली. दरमहा ५० सेंट भरल्यास वर्षातून २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय मिळत असे. पुढे 'ब्लू क्रॉस' या नावाने विस्तारलेल्या विम्याचा हा आरंभ होय. ही योजना रुग्णालयाने काढली होती आणि आपल्या बिलांची वसुली निश्चित व्हावी हा तिचा एक हेतू होता, ही गोष्ट दुर्लक्षिता येणार नाही. किंमत कमी करणे हे त्या विम्याचे कामच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या कायद्याने वेतनवाढीवर नियंत्रण आले. विम्यासारखे लाभ मात्र त्या नियंत्रणातून वगळण्यात आले. कामगारांची टंचाई असल्यामुळे कारखानदारांनी वेतनाऐवजी विमा देऊ केला. या विम्याच्या रकमेवरील करमाफी १९५४ च्या करसंहितेने पक्की झाली. अशा रीतीने युद्धकालीन एक तात्पुरती सोय कायमची व्यवस्था बनली, आणि आज सुमारे निम्म्या लोकसंख्येचा विमा नोकरीशी जखडलेला आहे. नोकरी गेली की विमाही जातो. आणि दीर्घ आजारात नोकरी टिकविणेच सर्वांत अवघड असते.

अध्यक्ष ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये काँग्रेसपुढे राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव ठेवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रखर विरोधापुढे तो टिकला नाही. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर व गरिबांसाठी मेडिकेड या योजना अमलात आणल्या. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु डॉक्टर व रुग्णालये यांचे सहकार्य मिळविण्यासाठी मेडिकेअरने रुग्णालयांना त्यांच्या 'वाजवी खर्चा'ची भरपाई देण्याचे मान्य केले. जितका खर्च तितकी भरपाई, असे तत्त्व एकदा स्वीकारले म्हणजे काटकसरीला प्रयोजन उरत नाही. १९८३ मध्ये आजाराच्या वर्गानुसार ठराविक रक्कम देण्याची पद्धत आली, तोवर खर्चाची पातळी बरीच वर गेलेली होती.

४. अनेक देणारे, अनेक किंमती

या इतिहासातून जी व्यवस्था निर्माण झाली तीत पैसे देणारे शेकडो आहेत. वृद्धांसाठी एक योजना, गरिबांसाठी राज्यागणिक निराळी, माजी सैनिकांसाठी स्वतंत्र, आणि उरलेल्यांसाठी असंख्य खाजगी विमा कंपन्या. प्रत्येक जण रुग्णालयाशी वेगळा सौदा करतो. परिणामी एकाच रुग्णालयातील एकाच शस्त्रक्रियेस अनेक किंमती असतात, आणि त्यांतील तफावत सेवेच्या गुणावरून नव्हे, तर सौदा करणाऱ्याच्या बळावरून पडते. रँड संस्थेच्या अभ्यासानुसार २०२२ साली खाजगी विमेदारांनी रुग्णालयांना दिलेले दर मेडिकेअरच्या दरांच्या सरासरी २५४ टक्के होते. रुग्णालयांच्या एकत्रीकरणाने हा असमतोल वाढला आहे. ज्या शहरात दोनच रुग्णालय-समूह उरले असतील, तेथे त्यांना वगळून कोणत्याही कंपनीला विमा विकता येत नाही.

विमा कंपन्या या किंमतींना कसून विरोध का करीत नाहीत, असे कोणी विचारील. २०१० च्या कायद्यान्वये त्यांनी हप्त्यांच्या किमान ८० टक्के, मोठ्या समूहांच्या बाबतीत ८५ टक्के, रक्कम उपचारांवर व सेवेच्या गुणवृद्धीवर खर्च केली पाहिजे. नियम हेतूने चांगला आहे. परंतु उरलेला हिस्सा टक्केवारीने बांधलेला असल्यामुळे एकूण खर्च वाढला की कंपनीचा वाटाही वाढू शकतो, हा त्याचा अनपेक्षित परिणाम होय.

या विखुरलेपणाचा दुसरा परिणाम प्रशासनावर होतो. प्रत्येक कंपनीचे अर्ज वेगळे, पूर्वमंजुरीचे नियम वेगळे, नकाराची कारणे वेगळी. ती हाताळण्यासाठी रुग्णालयास मोठा लेखनिकवर्ग पोसावा लागतो. आठ राष्ट्रांच्या रुग्णालयांचा एक तुलनात्मक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेत रुग्णालयीन खर्चापैकी २५.३ टक्के, तर कॅनडात १२.४ टक्के भाग प्रशासनावर जातो असे आढळले.

५. भार कोणावर पडतो?

२०२४ मध्ये नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातील ६,२९६ डॉलर कामगार प्रत्यक्ष भरत होता. उरलेली रक्कम मालक भरतो असे दिसते. पण ती अखेर कमी वेतनाच्या रूपाने कामगाराच्याच पदरातून जाते, असे बहुसंख्य अर्थशास्त्रज्ञांचे मत आहे. यावरही विमा सुरू होण्यापूर्वी काही रक्कम दरवर्षी स्वतः सोसावी लागते ती निराळीच. रोग्याने स्वतः पैसे भरले म्हणजे तो अनावश्यक सेवा टाळील, अशी यामागील उपपत्ती आहे. रँड संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केलेल्या प्रयोगात ती तपासली गेली. लोकांनी सेवा कमी घेतली हे खरे. परंतु निरुपयोगी सेवेबरोबर उपयुक्त सेवाही त्यांनी जवळजवळ तितकीच कमी केली. गरीब रोग्यांच्या रक्तदाबावर त्याचा अनिष्ट परिणाम दिसून आला.

विमा नसलेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. २०२३ मध्ये त्यांची संख्या सुमारे २.६ कोटी होती. त्यांच्या वतीने सौदा करणारा कोणीच नसल्याने दरसूचीतील सर्वांत चढी किंमत त्यांच्याच वाट्यास येण्याचा संभव अधिक. इन्सुलिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टोरांटो येथील शोधकांनी १९२३ मध्ये तिचे स्वामित्वहक्क विद्यापीठास नाममात्र एका डॉलरला दिले. तिच्याच सुधारित प्रकारांपैकी 'हुमालॉग'ची कुपी १९९६ मध्ये सुमारे २१ डॉलरना मिळे; २०१७ पर्यंत तिची सूचीतील किंमत सुमारे २७५ डॉलर झाली. विमा कंपन्यांचे मध्यस्थ या किमतीवर मोठी सूट मिळवीत. ज्यास विमा नाही त्याने मात्र पूर्ण किंमत मोजावी किंवा मात्रा कमी करावी, आणि अशी काटकसर प्राणावर बेतू शकते. १९८६ च्या कायद्यानुसार अत्यवस्थ रोग्यास तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयांवर बंधनकारक आहे. म्हणजे इन्सुलिनवाचून बेशुद्ध पडलेल्या रोग्यास दार उघडे असते. बेशुद्धी टाळणारे इन्सुलिन मिळण्याची हमी मात्र त्यास नसते. या तातडीच्या उपचाराचे बिलही त्याच्याच नावे येते. जून २०२१ मध्ये नागरिकांच्या पतनोंदींवरील वैद्यकीय कर्जाची थकबाकी सुमारे ८,८०० कोटी डॉलर होती.

६. सुधारणेची दिशा

अनेक विमा संस्था असणे हेच दोषाचे कारण आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जर्मनीत १८८३ पासून अनेक विमानिधी आहेत. परंतु हे निधी डॉक्टर व रुग्णालये यांच्याशी सामुदायिक वाटाघाटी करतात आणि एकाच सेवेस सर्व निधी समान दर देतात. खुद्द अमेरिकेतही याचे उदाहरण आहे. मेरीलँड राज्यात १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आयोगाने रुग्णालयांचे दर ठरविण्यास आरंभ केला, आणि १९७७ पासून मेडिकेअरसह सर्व देणाऱ्यांना तेच दर कित्येक दशके लागू राहिले. तात्पर्य, देणारे कितीही असोत, किंमत एक असणे महत्त्वाचे आहे.

२०१० च्या कायद्याने विमा नसलेल्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली, हे त्याचे मोठे श्रेय होय. तथापि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोपविला, आणि टेक्सास, फ्लोरिडा आदी राज्यांनी तो स्वीकारला नाही. किंमत ठरविण्याच्या मूळ पद्धतीला मात्र या कायद्याने फारसा हात घातला नाही. त्या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल २०२२ मध्ये पडले. औषधांच्या किमतींविषयी वाटाघाटी करण्यास मेडिकेअरला २००३ च्या कायद्याने केलेली मनाई शिथिल झाली, आणि पहिल्या दहा औषधांच्या ठरलेल्या किंमती जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. मेडिकेअरच्या लाभार्थींसाठी इन्सुलिनचा मासिक भारही २०२३ पासून ३५ डॉलरपर्यंत मर्यादित करण्यात आला.

दोषाचे निदान इतके स्पष्ट असता उपाय इतका मंद का, याचे उत्तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणितातच आहे. आरोग्यावर खर्च होणारा प्रत्येक डॉलर कोणाचे तरी उत्पन्न असतो. २०२३ साली १७.६ टक्के उत्पादन ज्या व्यवसायात गुंतले होते, तेथे किंमत उतरविणे म्हणजे रुग्णालये, औषध कंपन्या, विमा कंपन्या, डॉक्टर आणि लक्षावधी कर्मचारी यांच्या मिळकतीस हात लावणे होय. हे हितसंबंध संघटित आहेत. हप्ते भरणारा कामगार व कर्जात बुडालेला रोगी हे विखुरलेले आहेत. किंमती वाढू देणे सोपे असते, वाढल्यावर त्या उतरविणे दुर्घट असते. म्हणूनच ज्या देशांची आरोग्यव्यवस्था अद्याप घडत आहे, त्यांनी विम्याचा विस्तार करण्याबरोबरच दर कोणी व कसे ठरवावेत याचा निर्णय आरंभीच घेतला पाहिजे.