कोप्पीकर रोडवर आरसी गाडीची वायर अन् चार्जर घेताय? आधी बॅटरीवरचे आकडे वाचा

हुबळी : प्रतिनिधी

कोप्पीकर रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत शनिवारी दुपारनंतर कॉलेजच्या पोरांची गर्दी असते. धारवाडहून चिगरी बसने येणारी, विद्यानगरच्या होस्टेलवरून येणारी, आणि बेळगाव, खानापूर, हल्याळकडून सकाळच्या बसने येऊन संध्याकाळी परतणारीही. कुणाला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी रोबो करायचा असतो, कुणाची रिमोटवर पळणारी गाडी, म्हणजे आरसी कार, बंद पडलेली असते. काउंटरवरचा संवाद बहुतेक वेळा एकाच वळणाने जातो.

"अण्णा, मोटारीला वायर पायजे."

"किती अँपिअरची?"

पोरगं गप्प. मग "चांगली असंल ती द्या" म्हणून दीड मीटर वायर घेतली जाते, सोबत जो मिळेल तो चार्जर. पुढच्या आठवड्यात ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र, जळून परत काउंटरवर येतं. ईएससीची किंमत वायरीच्या कितीतरी पट असते. चार्जर चुकला तर नुकसान एवढ्यावर भागत नाही. लिथियम बॅटरी पेट घेते, आणि ती बहुतेक घरातच, प्लास्टिकच्या टेबलावर किंवा गादीवर चार्जिंगला लावलेली असते.

गेज म्हणजे कुठला गेज?

पहिला घोळ इथेच आहे. आरसीच्या सामानावर वायरीचा आकडा अमेरिकन गेजमध्ये, एडब्ल्यूजीत छापलेला असतो. आपल्याकडचे जुने इलेक्ट्रिशियन "तीन बाय वीस", "सात बाय वीस" म्हणतात तो ब्रिटिश गेज, एसडब्ल्यूजी. आणि दुकानातल्या घरगुती वायरीच्या बंडलावर तिसरंच माप असतं, चौरस मिलिमीटर, म्हणजे बोलीतली "दीड एमएम", "अडीच एमएम". तिन्ही मापं एकमेकांशी जुळत नाहीत. १४ एडब्ल्यूजीच्या तारेचा व्यास १.६३ मिमी, तर १४ एसडब्ल्यूजीचा २.०३ मिमी. नुसतं "चौदा गेज द्या" म्हटलं तर दोघे दोन वेगळ्या वायरींबद्दल बोलत असतात.

लक्षात ठेवायला सोपा हिशेब असा. १२ एडब्ल्यूजी म्हणजे ३.३ चौरस मिमी, १४ म्हणजे २.१, १६ म्हणजे १.३, आणि २० म्हणजे जेमतेम अर्धा. आकडा वाढला की वायर बारीक होते, हे उलटं गणित नवख्यांना हमखास फसवतं.

बारीक वायरीने काय होतं ते आकड्यांतच पाहू. गाडीतली जाणारी-येणारी मिळून ४० सेंटिमीटर वायर आहे आणि मोटार ३० अँपिअर ओढते आहे, असं धरा. २० गेजची वायर असेल तर त्या वायरीतच सुमारे ०.४ व्होल्ट जातात आणि १२ वॅट उष्णता तयार होते. हातभर वायरीत १२ वॅट म्हणजे हात लावणार नाही इतकी ती तापते. त्याच जागी १२ गेजची असेल तर उष्णता दोन वॅटच्याही खाली राहते.

मग घरातली अडीच एमएमची वायर का नको? जाडीने ती १४ गेजपेक्षा सरसच आहे, आणि वीज तिच्यातून जाईलही. अडचण दुसरीकडे आहे. तिच्यात ०.३ मिमीच्या ३६ तारा असतात, तर आरसीच्या सिलिकॉन वायरीत, १४ गेजच्या, केसासारख्या ०.०८ मिमीच्या सुमारे ४०० तारा. गाडी उड्या मारते, मोटार थरथरते. ताठ वायर डागाच्या तोंडाशी वाकून वाकून तुटते. शिवाय घरगुती वायरीचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतं, सोल्डरिंगची कावी लागली की मागे आक्रसतं. सिलिकॉनचं आवरण २०० अंशांपर्यंत टिकतं. तेव्हा पैसे वाचवायचेच असतील तर ते दुसऱ्या कशात तरी वाचवावेत.

स्वस्त वायरीत आणखी एक फसवणूक चालते. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम तांबं म्हणून विकलं जातं. त्याचा विरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून लाल निघाली तर तांबं, पांढरट निघाली तर बंडल परत द्यावं. सिलिकॉन वायरीच्या तारा वरून चंदेरी दिसतात, कारण तांब्यावर कथिलाचा थर असतो. त्या दोषी नव्हेत, खरवडल्यावर आत लालच दिसल्या पाहिजेत.

मोटार दोन तारांची की तीन?

दोन तारांची म्हणजे ब्रशवाली, कार्बन ब्रशवर चालणारी. जुन्या आणि सुरुवातीच्या गाड्यांत ५४० आकाराची हीच मोटार असते. सपाट जागेवर ती दहा-पंधरा अँपिअरमध्ये भागवते. पण चाक दगडात अडकलं आणि ट्रिगर दाबलेलाच राहिला तर हाच आकडा ५०-६०च्या पुढे उडी मारतो. वायर आणि ईएससी सरासरी आकडा पाहून घेतात आणि अडकलेल्या क्षणी जळतात. ५४० मोटारीला १४ गेज हे सुरक्षित माप. छोट्या ३८० मोटारीला १६ पुरते.

ब्रशवाल्या मोटारीवर तीन छोटे सिरॅमिक कपॅसिटर लावलेले असतात, ज्यांच्यावर १०४ लिहिलेलं असतं. एक दोन्ही टोकांमध्ये, बाकीचे दोन प्रत्येक टोकापासून मोटारीच्या डब्याला. वायर बदलताना पोरं ते काढून टाकतात आणि मग रिमोटची गाडी मध्येच झटके खाते अशी तक्रार घेऊन येतात. ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत जाऊ नये म्हणून ते असतात. काढू नयेत, तुटले तर नवीन लावावेत. काही रुपयांचं काम आहे.

तीन तारांची ती ब्रशलेस. तिला ब्रशलेस ईएससीच लागतो. तीन तारा कशाही जोडल्या तरी मोटार फिरते. उलटी फिरली तर कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की सरळ. मात्र सेन्सरची वेगळी केबल असलेली मोटार असेल तर ही सवलत नाही, तिथे ए, बी, सी या खुणा जुळवूनच जोडायचं. ब्रशलेसवर केव्ही असा आकडा असतो. तो किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टमागे किती फेरे हे तो सांगतो. ३००० केव्हीची मोटार ७.४ व्होल्टवर बिनओझ्याची मिनिटाला २२,२०० फेरे मारेल. केव्ही जास्त म्हणजे मोटार भारी, असा समज काउंटरवर सर्रास आढळतो. जड गाडीत जास्त केव्ही म्हणजे जास्त करंट आणि जास्त ताप, एवढंच.

वायर अपुरी पडली तर लांबवावी ती ईएससी आणि मोटार यांच्यामधली. बॅटरी आणि ईएससीमधली लांबवू नये. तिथे लांबी वाढली की ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो आणि तो फुगतो. आणि बॅटरीचं प्लस-मायनस उलटं लागलं तर ईएससी त्याच क्षणी जातो, त्याला दुरुस्ती नाही.

कनेक्टरबद्दल थोडक्यात. जुन्या गाड्यांतला पांढरा टामिया पद्धतीचा कनेक्टर जास्त करंटला तापून वितळतो. पिवळा एक्सटी-६० घ्यावा, नावाप्रमाणे ६० अँपिअरचा. डाग लावताना त्याची जोडी त्यात खोचून ठेवली तर प्लास्टिक विरघळून पिना वाकड्या होत नाहीत. १२-१४ गेजला २५ वॅटची कावी पुरत नाही, ६० वॅटची लागते. बॅटरीचा कनेक्टर बदलताना दोन्ही वायरी एकदम कापू नयेत. पकडीचं तोंड दोघांना जोडतं आणि डोळ्यांसमोर वीज कोसळल्यासारखी ठिणगी उडते. एक कापावी, डाग लावावा, स्लीव्ह चढवावी, मगच दुसरीला हात लावावा.

चार्जर : इथे काटकसर नको

आरसी गाड्यांत मुख्यतः दोन जातीच्या बॅटऱ्या येतात. निकेल, म्हणजे एनआयएमएच, सहा सेलची ७.२ व्होल्टची, आणि लिथियम पॉलिमर, बोलीत लिपो. लिपोच्या प्रत्येक सेलचे नाममात्र ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि ३च्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही. म्हणून २एस म्हणजे ७.४, भरल्यावर ८.४, ३एस म्हणजे ११.१, भरल्यावर १२.६.

निकेलचा चार्जर व्होल्टेज किंचित घसरलं की बॅटरी भरली असं समजतो. लिपोत अशी घसरण येतच नाही. म्हणून निकेलच्या मोडवर लावलेली लिपो भरतच राहते, फुगते आणि पेटते. बहुउपयोगी चार्जरमध्ये जात निवडण्याचा मेनू असतो, आणि तो मागच्या वेळी कशावर ठेवला होता हे विसरलं जातं. दर वेळी पाहायचंच. हीच गोष्ट ईएससीची: त्यातही लिपो की निकेल हे ठरवावं लागतं, नाहीतर लिपो ३ व्होल्टच्या खाली जाईपर्यंत गाडी पळत राहते.

सर्वांत धोकादायक जुगाड म्हणजे "११.१ची बॅटरी आहे, १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला की झालं". अडॅप्टर करंट मोजत नाही, सेल मोजत नाही, भरल्यावर थांबत नाही. चार्जर आणि अडॅप्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अनेक चार्जरना वीज पुरवायला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो म्हणून हा गोंधळ होतो. अडॅप्टर चार्जरच्या मागे जोडायचा, बॅटरीला कधीच नाही.

लिपोला जाड वायरींशिवाय एक पांढरा बारीक कनेक्टर असतो, तो बॅलन्सचा. त्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो. तो न लावता भरलं तर एक सेल ४.० वर आणि दुसरा ४.४ वर असूनही बेरीज ८.४ दिसते, आणि चार्जर खूश.

किती वॅटचा घ्यायचा? बॅटरीवर एमएएच लिहिलेलं असतं. ते हजाराने भागलं की एक सी चा करंट मिळतो: २२०० असेल तर २.२ अँपिअर, ५००० असेल तर ५. सर्वसाधारण लिपोला एवढाच करंट द्यावा. बॅटरीवर मोठ्या अक्षरात २५सी, ५०सी लिहिलेलं असतं ते बाहेर काढण्याचं प्रमाण आहे, आत भरण्याचं नव्हे. आता ५ गुणिले ८.४ म्हणजे ४२ वॅट. २एसच्या ५००० एमएएचला ५० वॅटचा चार्जर पुरतो आणि तास-सव्वातासात काम होतं. ३एसला ५ गुणिले १२.६, म्हणजे ६३ वॅट. तिथे ५० वॅटचा चालेल, फक्त वेळ जास्त घेईल. गाडीच्या खोक्यात किंवा स्वस्तात मिळणारा छोटा डबा बॅलन्स कनेक्टरमधूनच साधारण ०.८ अँपिअरने भरतो. त्याने ५००० एमएएचला सहा तासांहून जास्त लागतात. मग काय होतं, लोक रात्री लावून झोपतात. सगळी गडबड तिथून सुरू होते. जास्त वॅटचा चार्जर घ्यायचं खरं कारण घाई नव्हे. माणूस जागा असताना, समोर बसलेला असताना बॅटरी भरून होते.

हेस्कॉमची वीज असो की सीमेपलीकडे महावितरणची, ती जाते-येते. मेनूवाला चार्जर वीज परत आल्यावर सहसा पहिल्या पानावर येऊन थांबतो. साधा डबा आपोआप पुन्हा सुरू होतो. घेताना दुकानातच प्लग काढून-लावून हे पाहावं.

बॅटरी भरताना मातीच्या कुंडीत, फरशीवर किंवा विटांमध्ये ठेवावी, जवळ कोरड्या वाळूची बादली असावी. फुगलेली बॅटरी भरायचीच नाही. महिनाभर वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. चांगल्या चार्जरमध्ये त्यासाठी स्टोरेज नावाचा मोड असतो. मे महिन्यात उन्हात लावलेल्या कारमध्ये बॅटरी विसरू नये.

खरेदीत कागद पाहण्याचीही सवय हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे. वेष्टनावर आयएस १६०४६ आणि आर ने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. लहान मुलांसाठी खेळणं म्हणून विकल्या जाणाऱ्या रिमोटच्या गाड्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. बिल मात्र मागून घ्यावं. बिनबिलाचा चार्जर बिघडला तर बेळगावहून शंभर किलोमीटर परत येऊन वाद घालण्यात अर्थ नसतो.

विमानाने पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांनी सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत ठेवू नयेत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात आणि प्रत्येकीची मर्यादा १०० वॅट-तास आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास: ३एस ५००० म्हणजे ५५.५, चालते. कनेक्टरच्या तोंडावर टेप लावावी. निकामी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती कचऱ्यात टाकायला मनाई आहे, ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावी.

दुकानात जाताना जुनी बॅटरी, किंवा निदान तिच्यावरच्या पट्टीचा आणि मोटारीचा फोटो मोबाइलमध्ये न्यावा. सेल किती, एमएएच किती, मोटारीला तारा किती, एवढं सांगता आलं की "किती अँपिअरची?" या प्रश्नाला उत्तर मिळतं, मग ते कन्नडमध्ये विचारलेलं असो की मराठीत.